फोटोखालची पट्टी

“फोटो काढ वं बाई, पण जागा कोणाले सांगू नको.”

बांधावर पाय ठेवताच गोपिकाताईंना तुळसाबाईचं ते वाक्य आठवलं. फाल्गुनात त्या इथेच उभ्या होत्या, कुही गावाच्या पुढे, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. तुळसाबाईने फांदी हाताने खाली ओढून धरली होती आणि त्या फांदीवर पांढरा पळस फुलला होता. गोपिकाताईंनी उभ्या जन्मात केशरीच पाहिलेला.

आता चैत्र होता. झाड उभं होतं, पण माणसाच्या उंचीपर्यंत त्याला साल नव्हती. पूर्वेकडच्या मुळ्या कोणी खणून नेल्या होत्या. बुंध्याशी लिंबं, हळदकुंकू, उदबत्तीच्या काड्या पडल्या होत्या. पांढरा पळस तिजोरीत ठेवला की लक्ष्मी टिकते, असं मानणारे येऊन गेले होते.

तुळसाबाई उघड्या बुंध्याला शेणमातीचा लेप देत होती. गोपिकाताई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका होत्या तेव्हा ती इथल्या अंगणवाडीत मदतनीस होती. त्या ओळखीवरच तिने हे झाड दाखवलं होतं.

“बस तिकडं सावलीत,” ती मान न वळवता म्हणाली. “सावली तेवढी नेली नाही त्यायनं.”

“हे कधी झालं, मावशी?”

“आठ दिवसांत. गाड्यावर गाड्या येऊन राहिल्या होत्या. मी आडवी झाली, तं एक जण म्हणे, आजी, दोन फुलांनं तुमचं काय जाते? त्याच्यामागं वीस जण उभे.” तिने लेपाचा हात पुन्हा पाटीत बुडवला. “कोणं सांगतलं असन वं?”

गोपिकाताई खाली वाकून उदबत्तीच्या काड्या गोळा करू लागल्या.

नागपुरात त्यांचा एक ग्रुप होता, वसंतातल्या रानफुलांचा. उमरेड रस्त्याला पळस, रामटेककडे काटेसावर, टेकड्यांवर सोनसावर. कुठे काय फुललं ते लोक तिथे टाकत आणि रविवारी कॅमेरे घेऊन निघत. फोटोखाली जागा लिहायची, हा ग्रुपचा नियम. गोपिकाताईंनी पांढऱ्या पळसाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘जागा सांगता येणार नाही. वचन दिलं आहे.’ लिहिताना त्यांना स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

पाचच मिनिटांत ग्रुप चालवणाऱ्या उन्मेषचा निरोप आला. ‘काकू, जागा फोटोवरच आहे की.’

अंगणवाडीच्या नोकरीत भेटीचा पुरावा म्हणून प्रत्येक फोटो फोनमधल्या एका ठरावीक कॅमेरा-ॲपने काढावा लागे. गाव, तारीख, वेळ, नकाशा, सगळं फोटोखाली काळ्या पट्टीत आपोआप उमटायचं. नोकरी संपली, ते ॲप फोनमध्ये तसंच राहिलं. पांढऱ्या पळसाखालीही गावाचं नाव ठळक आलं होतं.

फोटो ग्रुपवरून तेव्हाच काढून टाकता आला असता. पण लोक वाहवा करत होते. ‘भाग्यवान आहात’, ‘तुमच्या पूजेचं फळ’. सांजवात लावू आणि मग काढून टाकू, असं त्यांनी ठरवलं. सांजवात झाली, पोथी झाली. आणखी वाहवा आली. फोटो सकाळी काढून टाकला, तोवर तो कुठे कुठे पोचला होता.

रोज सकाळी पूजा होईपर्यंत मौन पाळायचं आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही, असं त्यांचं अठरा वर्षांचं व्रत होतं.

“गावातलंच असेल कोणी,” त्या म्हणाल्या.

तुळसाबाईचा हात क्षणभर बुंध्यावरच थांबला. मग फिरू लागला.

“असन,” ती म्हणाली.

गोपिकाताईंनी विचारलं, “वाचेल का हो झाड?”

“पाऊस येईस्तोवर ओल राहिली तं वाचन. रोज चार बादल्या लागतेत. माह्या गुडघ्यानं दोनच होतेत.”

“मी येत जाईन. दर सोमवारी महादेवाला जाते, तशीच इकडे येईन. वचन देते.”

तुळसाबाई लेप थापत राहिली. गोपिकाताईंनी घाईने पिशवीतून पाकीट काढलं. कागदावरचा एक फोटो आणून दे, असं तिने फाल्गुनात मागितलं होतं. रामदासपेठेतल्या स्टुडिओत त्यांनी तो मुद्दाम मोठा करून घेतला होता. खालची काळी पट्टी तेवढी कापून टाकायला सांगितली होती.

तुळसाबाईने हात लुगड्याला पुसले आणि फोटो लांब धरून पाहिला. पांढरी फुलं, वाकलेली फांदी, फांदी धरणारा एक सुरकुतलेला हात, त्यात हिरव्या बांगड्या आणि मधेच एक लाल.

“याच्या खाली अक्षरं होते ना वं?” तिने विचारलं. “काळ्या पट्टीत?”

गोपिकाताईंनी रिकामं पाकीट पिशवीत कोंबलं.

“त्या लोकायनं मोबाइल दाखवून मलेच रस्ता पुसला. म्या आपली लाल बांगडी ओळखली.”

वारा नव्हता. वाळलेल्या लेपाचा एक पोपडा बुंध्यावरून सुटून खाली पडला.

“मीच टाकला तो फोटो, मावशी,” गोपिकाताई म्हणाल्या. “तुम्हाला सगळं माहीत होतं. मग मघाशी मला का विचारलंत?”

“तू सांगशीन म्हणून.”

तुळसाबाई पुन्हा लेपाला लागली. रिकामी बादली दोघींच्या मध्ये पडून होती. त्या दिवशी सोमवार नव्हता. गोपिकाताईंनी पदर खोचला, बादली उचलली आणि विहिरीकडे निघाल्या.