गाडीचं स्थळ

“मागचं दार उघड. आता जोरात लाव. परत उघड,” आकाराम व्हिडिओ कॉलवर खेकसला.

तिकडं न्यूझीलंडमध्ये मोनानं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. इकडं शाहूपुरीतल्या दुकानात आकारामनं तो आवाज कान देऊन ऐकला आणि मान हलवली. “बिजागरी झिजलीया. सोड ही. दुसरी बघ.”

जुन्या गाड्या घेणं-विकणं हा आकारामचा धंदाच. तेव्हा लेकीला परदेशात जुनी व्हॅन शोधायची तर ती दुसऱ्या कुणाला विचारणार? मोनाचं तिथलं शिक्षण संपलं होतं. कोल्हापूरला परतण्याआधी एका मैत्रिणीला बरोबर घेऊन व्हॅनमध्येच राहायचं, रांधायचं, झोपायचं आणि तो सगळा मुलूख पालथा घालायचा, असा तिचा बेत होता. शनिवारपर्यंत गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर रविवारच्या विमानानं ती सरळ घरी येणार होती.

आणि आकारामला ती घरीच यायला हवी होती. पोरगी कुठल्यातरी डोंगरात गाडीत झोपणार, हा विचारच त्याला सोसवत नव्हता. पण लेकीला तोंडावर नको म्हणायची छाती नव्हती. म्हणून त्यानं आपला सोयीचा मार्ग काढला. येईल त्या गाडीत खोट काढायची.

गाडी बघायची त्याची तऱ्हाही स्थळ बघितल्यासारखी. मालक कोण, घरात कोण कोण असतं, आधी कुणाकडं होती, आता का विकतोय? एक गाडी त्यानं “पाच घरं फिरून आलीया” म्हणून मोडली. दुसरीला ताजा रंग होता. “कायतरी झाकाय रंगिवलीया,” म्हणून तीही गेली. तिसरीत काहीच सापडेना, तेव्हा “मालक लई हसतोय” एवढं कारण पुरलं. रोज डबा घेऊन येणारी त्याची बायको तानाबाई हे सगळं ऐकत होती.

“अवो, पोरीच्या लग्नाची स्थळंबी तुमी अशीच मोडलासा,” ती म्हणाली.

शनिवारी मोना शेवटची गाडी बघायला गेली. पांढरी, धुऊनपुसून उभी केलेली. खिडक्यांना हातानं शिवलेले पडदे. शेजारी हाताची घडी घालून एक गोरा म्हातारा उभा होता. मोनानं गाडी सुरू केली. आकारामनं डोळे मिटून इंजिन ऐकलं. गाडी खणखणीत होती. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती.

तो तरीही जागा शोधत होता, तेवढ्यात म्हातारा मोनाला काहीतरी म्हणाला. मोनाचा चेहरा पडला.

“काय म्हणतोय?”

“म्हणतोय, ही गाडी त्याची बायको चालवायची. ती वारली. कुणाच्याबी हातात त्याला द्यायची न्हाय. मला बघून म्हणतोय, एवढीशी पोरगी तू, घाटात तुला झेपायची न्हाय.”

झालं, आकारामचं काम आपोआप झालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. पोरगी रविवारी विमानात आणि सोमवारी घरात. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चार दिवस मुलीचा बाप म्हणून त्यानं स्थळं मोडली होती. आता समोरचंच स्थळ त्याच्या मुलीला नाही म्हणत होतं.

“फोन त्याच्याम्होरं धर,” तो म्हणाला. “आन मी बोलतो ते त्याला जसंच्या तसं सांग.”

मोनानं फोन धरला. आकाराम खुर्चीतून उठून उभा राहिला.

“ओ पावणं, पोरीला काय समजलाय? शिरोळला आमच्या गावात पूर आलता, तवा हिनं ट्रॅक्टर काढला. रस्ता पाण्याखाली गेलता. दोन्हीकडची झाडं बघून अदमासानं चालिवला हिनं. ट्रॉलीत गल्लीतली सगळी म्हातारी माणसं हुती. माझी आई हुती. समद्यांना सुखरूप भाईर काढलं. आन मी काय केलं? ‘तुला शाणपणा कुणी सांगितलता’ म्हणून गावादेखत हिच्यावर वरडलो. का, तर माझं पाय लटपटत हुतं. माझ्यानं ते झालं नसतं. पोरांचं तोंडावर कौतुक करायची आमच्यात रीत न्हाय, म्हणून कधी बोललो न्हाय. आज बोलतो. ही पोरगी गाडीला हात लावंल, तर नशीब त्या गाडीचं. द्यायची तर द्या, न्हायतर ऱ्हाऊ दे.”

तानाबाई डब्याचं झाकण हातात धरून नवऱ्याकडं बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढं सलग बोललेला तिनं ऐकला नव्हता.

फोनमध्ये म्हाताऱ्याच्या शेजारी मोना मान खाली घालून उभी होती. म्हाताऱ्यानं तिला हळूच काहीतरी विचारलं. मोनानं पालथ्या हातानं डोळे पुसले आणि त्याला एकच लहानसं वाक्य सांगितलं. म्हाताऱ्यानं तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, तो हसला, आणि खिशातून किल्ली काढून त्यानं तिच्या हातावर ठेवली.

“मिळाली, आप्पा,” मोना म्हणाली.

आकाराम भडकला. विमानही गेलं आणि भाषणही वाया गेलं. “मी हितं घसा फोडून एवढं बोललो, आन तू एका दमात उरकलंस? काय सांगितलंस त्याला?”

“आप्पा म्हणत्यात, पोरगी बरी हाय.”

“एवढंच? आन बाकीचं?”

“बाकीचं त्याला कशाला सांगू?” मोना म्हणाली. “ते माझं हाय.”