ओली चिंधी

रतनबाईने उंबराच्या फांदीला चिंधी बांधली आणि वळून पाहिलं, तर मागे मिशनच्या सिस्टर अग्नेस उभ्या.

चिखलीच्या शिवारातली ही विहीर सातीआसरांची. पाण्यातल्या सात बहिणी. त्यांच्या झाडाला चिंधी बांधली की दुखणं उतरतं, असं सारं गाव मानायचं. पण रतनबाई ख्रिस्ती झालेली, मिशनच्या दवाखान्यात आया. गेल्या रविवारी फादरनी बजावलं होतं, विहिरीवर जाणारीला कामावरून काढू. काम गेलं की राहती खोलीही गेली. आणि इकडे तिच्या मार्थाचे डोळे मलमाने उघडत नव्हते. आईने करावं तरी काय?

"शिस्टर, चुकले मी. पोरीसाठी आले व्हते."

सिस्टर आयर्लंडच्या. मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे रागावल्या तरी धडा वाचल्यासारखं वाटायचं. त्यांनी चिंधी चिमटीत धरून पाहिली.

"ही कोरडी आहे."

"आं?"

"कोरडी बांधू नये. प्रथम या पाण्यात भिजवावी, मुलीच्या डोळ्यांना लावावी, मग बांधावी. चिंधी कुजते तसा आजार जातो. सकाळी मुलीला आण."

"ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"आजीने. आमच्या गावी विहीर आहे. संत ब्रिजिटची."

"मंग ती चर्चची आसंल."

"आता चर्चची." सिस्टर घुटमळल्या. "फार पूर्वी ब्रिजिट देवी होती. आजी दोघींना एकदमच हाक मारीत असे."

"आन् फादर?"

"फादर इटलीचे. त्यांना यातले काही कळत नाही."

पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा वाऱ्यावर ऐकू आला. सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं, पायऱ्या उतरून आपला पांढरा रुमाल भिजवला आणि स्वतःच्याच कपाळाला लावला.

"कुनासाठी, शिस्टर?"

"आईसाठी. ती तिकडे अंथरुणावर आहे. मी तिचीच आहे ना, चालेल."

त्यांनी रुमाल फांदीला बांधला. रतनबाईची भीती एव्हाना कुठल्या कुठे पळाली होती, आणि सिस्टरना खोटी आशा लावणं तिच्या जिवावर आलं. तिने रुमाल बोटांत चोळून पाहिला.

"ह्यो मिशनचा रुमाल, शिस्टर. लई चिवट. दोन पावसाळं ग्येलं तरी कुजायचा न्हाई."

सिस्टरचा चेहरा उतरला. आईला तेवढी सवड नसावी. त्यांनी गाठ सोडली, रुमाल बाहीत खोचला आणि रतनबाईपुढे हात पसरला.

"तुझ्या लुगड्याची चिंधी दे."

रतनबाईने पदराचा काठ नुसता धरला. ओढावंही लागलं नाही. धुऊन धुऊन विरलेलं ते सूत आपसूक तिच्या हातात आलं.