वीबेचा डबा

वीबेनं आयुष्यभर मासेमारी केली, पण समुद्रात कधी काडीसुद्धा टाकली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. म्हणून तर तो गेल्यावर त्याच्या नावानं सागररक्षणाचा निधी उभा राहिला आणि अख्खं डच बेट किनारा साफ करायला उतरलं. त्याच्या बायकोला, हिस्काला, वाळूत इंजिनच्या तेलाचा रिकामा डबा मिळाला. वर वीबेच्याच अक्षरात: ‘वीबेचा. हात लावू नये.’ रडावं की हसावं, तिला कळेना. तिनं डबा पोटाशी धरला. “काकू, कचरा पोत्यात टाका,” मोहीमप्रमुख म्हणाली. “का म्हणून? ज्याला सापडलं त्याचं, बेटाचा जुना नियम आहे!” प्रमुखबाईंनी अक्षर वाचलं, डोळे पुसले. “समुद्रानं आठवण परत केली हो!” टाळ्या पडल्या. इतक्यात टेकाडामागून हाक आली, “काकू, काकांचे आणखी अकरा डबे!” हिस्का गोंधळली. “ज्याला सापडले त्याचे,” ती पुटपुटली.