खालचा टाका

वरला टाका गं लोकांचा, खालला टाका गं जिवाचा
उलटून बघ लेकी, मग दोरा तोड शिवणीचा

आईचा आवाज. फाटकं-तुटकं शिवता शिवता गुणगुणलेला, तीस वर्षांमागचा. अक्काने सकाळी मशीनखालची, खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली आणि तो कानात आला, कारण बॉबिन रिकामी होती.

उंचावर काम करणाऱ्यांचे कमरेचे पट्टे शिवायचा तो कारखाना. काल सुटीची घंटा होता होता अक्काने शेवटचा पट्टा टोपलीत टाकला होता. म्हणजे खालचा दोरा त्यातच संपला. पट्ट्याच्या जोडावरची चौकट शिवून झाल्यावर, तिच्या मधली फुली मारताना. वरून बघावं तर फुली कशी रेखीव. उलटलं की नुसती सुईची भोकं. हाताने ओढून उसवायचा नाही असला पट्टा. त्याला माणूस लटकायला हवा.

शेजारच्या मशीनवालीने डोकावून बॉबिन पाहिली, मग दाराकडे पाहिलं. दाराशी गाडी लागली होती. दोनशे पट्टे शिक्के बसून, गठ्ठे बांधून आत चढले होते.

“दोरा भर आणि गप बस, अक्के,” ती कुजबुजली. “आपल्याकडे चुका होत नाहीत. चुकलेल्या बायका तेवढ्या असतात.”

समोरच्या भिंतीवर काळी पाटी होती. जिची चूक, तिचं नाव महिनाभर त्या पाटीवर, आणि मशीन सुटून दोरे कापायच्या बाकावर बदली. नाव लिहायचं काम शिक्केमामांचं. पट्टा उलटून तपासायचा आणि शिक्का मारायचा, तेही त्यांचंच. दोनशे बारा दिवस पाटी कोरी होती. पाहुणे आले की साहेब पाटी आधी दाखवायचे, मशिनं नंतर.

अक्काने मशीनवर हात ठेवला. अकरा वर्षांची सोबत. त्याचा खोकला, त्याची कुरकुर, सगळं पाठ.

साहेब आले. रोजच्यासारखी टाळी वाजवली. “कुणाला काही सांगायचंय? मोकळेपणाने बोला, आपण सगळे एका घरचे.”

“नाही, साहेब.” बावीस गळे, एक सूर. साहेब विचारता विचारताच वळायचे. उत्तर त्यांच्या पाठीला मिळायचं.

“मला सांगायचंय.”

पाठ थांबली.

“कालच्या एका पट्ट्याला माझा खालचा दोरा नाही. कुठल्या, ते गठ्ठे सोडल्याशिवाय कळायचं नाही.”

शेजारणीने तिच्या कोपराला चिमटा काढला. पण उशीर झाला होता.

साहेब हसले. “काय अक्का, तुमच्यासारख्या जुन्या बाईने असं बोलायचं? मामांचा शिक्का बसलाय ना? मग विषय मिटला.” आवाज खाली आला. “पाटी ठाऊक आहे ना?”

“तिच्याकडेच निघालेय.”

पाटीखालच्या फळीवर खडू नव्हता. लागलाच नव्हता इतके दिवस. अक्काने खिशातला शिवणाचा खडू काढला आणि आपलं नाव लिहिलं. सगळं, आडनावासकट, वेलांटी नीट वळवून. बऱ्याच जणींना तिचं पूर्ण नाव आजच कळलं.

“घ्या. नाव लागलं. मशीन काढून घ्या, बाक द्या. आता गाडी थांबवा.”

“एका पट्ट्यासाठी दोनशे उलटायचे? शुद्धीवर आहात का?”

“तो वरचा माणूस खाली येईल, साहेब. पण टाका कुणाचा, हे विचारायला नाही.”

कुणी हललं नाही. अक्काच हलली. गाडीतून पहिला गठ्ठा ओढला, जमिनीवर आपटला, कात्रीने दोरी कापली आणि मांडी घालून बसली. एक पट्टा उलटला. दुसरा. तिसरा.

“मेली सगळ्यांना बाकावर बसवणार,” म्हणत शेजारीण उठली आणि तिच्या बाजूला येऊन बसली. मग आणखी दोघी आल्या. मग कोण आलं, कोण नाही, ते मोजायचं राहून गेलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला. अक्काने पट्टा खिडकीकडे धरला. फुलीच्या जागी भोकांची रांग होती, त्यातून उजेडाचे ठिपके तिच्या तोंडावर पडले. आणि त्या भोकांशेजारी शिक्का. निळा, गोल, एकही कड न पसरलेला.

सगळ्या माना शिक्केमामांकडे वळल्या. ते कोपऱ्यात आपल्या टेबलामागे उभे होते, गळ्यातल्या दोरीला शिक्का.

“नजरचूक झाली असणार,” साहेब घाईघाईने म्हणाले. “होतं असं. मामा, तुम्ही उलटून बघितला होता ना? बघितलाच असणार.”

मामांनी मान हलवली, पण होय की नाही, ते कळेना.

अक्का उठली. तिने खडूचे दोन तुकडे केले आणि एक त्यांच्यापुढे धरला.

मामांनी खडूकडे पाहिलं. मग पाटीकडे, तिथल्या एकट्या नावाकडे. गळ्यातली दोरी डोक्यावरून काढून त्यांनी शिक्का टेबलावर ठेवला आणि खडू घेतला.

“नाही बघितला,” ते म्हणाले. आवाज बसका होता, तरी शेवटच्या मशीनपर्यंत पोचला. “चूक दिसली असती, तर यांच्यातल्या कुणाचं तरी नाव लिहावं लागलं असतं. दोनशे बारा दिवस, साहेब, मी एकही पट्टा उलटलेला नाही.”