हौसाची साठ पावलं

दरड कोसळली तेव्हा वाडीतली पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत होती, म्हणून वाचली. घरांच्या जागी आता नुसता चिखल पसरला होता. कोणाचं घर कुठे होतं, हे सांगायला मोठं माणूस उरलं नव्हतं.

ढवळेबाईंनी वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा काढून आणला. या सत्रात तिसरीला तोच धडा होता, ‘आपल्या वाडीचा नकाशा’. पोरांनी स्वतः चालून, पावलं मोजून तो काढला होता. पिंपळापासून हौसाच्या घराचं दार साठ पावलं.

पिंपळ तेवढा उभा होता. बचाव पथकाचा जवान तिथून साठ पावलं चालला आणि माणसं खणायला लागली. दोन तास झाले तरी हाती दगडच लागले.

“बाई, नकाशा चुकलाय तुमचा,” तो वैतागून म्हणाला.

बाईंची नजर त्याच्या चिखलानं माखलेल्या दांडग्या बुटांवर गेली.

“नकाशा बरोबर आहे हो,” त्या ओरडल्या, “पाय चुकलेत! ही आठ वर्षांच्या पोरीची पावलं आहेत!”

त्यांनी धावत जाऊन हौसाला आणलं, पिंपळाला पाठ लावून उभं केलं. “मोज गं बाळा, तेव्हा मोजली होतीस तशी.”

जवानाचं बोट धरून हौसा चिखलातून निघाली. वर्गातल्यासारखी मोठ्यानं मोजत साठला थांबली.

“बाई, इथं दार. आई चुलीपाशी असंल. अजून चार मोजू?”