आपली खोली

तळघरातली शिलाई मशीन तिने आपणहून जिन्याखाली हलवली, कारण नवरा म्हणाला होता, "तिथे आपली गाणी ऐकायची, सिनेमे बघायची खोली करू." मग दोघांनी मिळून भिंतींना जाड फोम चिकटवला, स्पीकर बसवले आणि तिने बोटं सुजेपर्यंत दुपदरी पडदे शिवले.

आज खोली सुरू होणार म्हणून ती दोन कप चहा घेऊन हौसेने खाली उतरली. पाहते तर स्पीकरसमोर ऐसपैस खुर्ची एकच.

"अहो, मी कुठे बसू?"

"अगं, आवाज नीट जमतो तो याच एका जागी," खुर्चीत टेकत तो म्हणाला.

मग त्याने तिच्या हातातला एक कप घेतला.

"पण तुझाही विचार केलाय मी. जाताना दार ओढून घे, वर तुला काडीचाही त्रास होणार नाही."