कुंपणालगतची कुंडी

कॅलिफोर्नियाच्या डोंगरात, घटस्फोटानंतर लॉरेटा आणि वेंडेलने गांजाचं शेत निम्मंनिम्मं वाटून घेतलं होतं. कुंडीतलं एक पिवळं पडलेलं रोप ती उपटणारच होती, तेवढ्यात तो कुंपणापलीकडून खेकसला, "फेक ते! मरतुकडी जगवायची तुझी खोड काही जात नाही."

"म्हणून तर तू इतकी वर्षं जगलास," असं म्हणत तिने मुद्दाम रोपाला पाणी घातलं.

ऑगस्टात रोप कमरेएवढं झालं, आणि नेमकं नर निघालं. नराचा पराग उडाला की शेतभर माद्यांना बी धरतं, सगळा माल मातीमोल. नर दिसला की लोक तिथल्या तिथे उपटतात.

वारा वेंडेलच्या शेताकडे वाहत होता.



लॉरेटाने कुंडी कुंपणाला नेऊन टेकवली. "जा बाळा, आता बापाकडे राहा."